अकरावी टाळी

खंडोजीला टाळीचे जोर काढायचे होते. अंग असं वर उसळवायचं की दोन्ही हात जमिनीवरून सुटतात, हवेत एक टाळी वाजवायची आणि नाक फुटायच्या आत हात पुन्हा टेकायचे. असे सलग अकरा निघाले, तरच बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या त्या गरडीत, म्हणजे तालमीत, दसऱ्याची कुस्ती मिळे. तारऑफिसात कारकुनी करणारा खंडोजी दोन वर्षं आठावरच आपटला होता. यंदा नाही तर कधीच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि त्या विचारानेच त्याचे दंड फुरफुरत.

सराव तो घरीच, माडीवर करी. घोटाळा तिथेच झाला. त्याची आई सकवारबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. मल्हाररावांना जेवायला बोलवायचं म्हणजे चाळीस वर्षं ती मागच्या दारातून एक टाळी वाजवी. आता माडीवर टाळी वाजली की मल्हारराव कट्ट्यावरून उठत, पाय धूत आणि पाटावर येऊन बसत.

"भात चुलीवर आहे अजून," सकवारबाई म्हणे.

"मग बोलावलंस कशाला?"

"मी कुठं बोलावलं? तुमचा लेक उडतोय वर."

एका सकाळी मल्हाररावांनी सहा वेळा पाय धुतले. सातव्या टाळीला ते हलले नाहीत. ती नेमकी खरी होती. पानातलं सारू, म्हणजे आमटीसारखं सार, निवून पाणी झालं.

"चाळीस वर्षं ऐकतोय मी तुझी टाळी," मल्हारराव चिडून म्हणाले. "आता चुकलो तर मिशी उतरवीन."

"सरी, बरं तर," सकवारबाई म्हणाली. "ध्यानात ठेवते मी."

परीक्षेचा रविवार उजाडला. गरडी त्यांच्या परसाच्या भिंतीला लागूनच होती. गुंडो वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते जोर कानाने मोजत. खंडोजीची पाळी येईपर्यंत दुपार झाली. मल्हारराव पुढच्याच रांगेत होते.

"सात... आठ..." माणसं उठून उभी राहिली. नववा निघाला तेव्हा लाल मातीचा असा धुरळा उडाला की कोणाला काही दिसेना. "दहा," वस्ताद म्हणाले. खंडोजीचे हात गेले. हनुवटी मातीत रुतली.

आणि टाळी वाजली.

"अकरा. फेटा आणा रे."

एकच जल्लोष झाला. फक्त मल्हारराव शांतपणे उठून चालू लागले.

"अप्पा, स्वल्प थांबा की," खंडोजी फेट्यासह मागे धावला. "कुठं निघालात?"

"जेवायला. ती टाळी तुझ्या आईची."

घरी मल्हारराव पाटावर बसले ते मिशीला पीळ देतच. "पाहिलंस? शंभर माणसांत ओळखली," ते बायकोला म्हणाले. मग लेकाकडे वळले. "फेटा उतरव. एक जोर बाकी आहे. तो काढ, तर कुस्ती खरी."

खंडोजी ओसरीवर ओणवा झाला. डोळे मिटले, दात आवळले आणि सगळा जीव एकवटून उसळला. टाळी अशी खणखणीत वाजली की फळीवरची भांडी थरथरली.

पाटावरचे मल्हारराव उठले आणि पाय धुवायला निघाले.

सकवारबाईने कोनाड्यातला वस्तरा काढून त्यांच्या पानाशेजारी ठेवला आणि भात वाढायला घेतला.