इंग्रजीत दिलेलं भांडं

"एलिसेओ, माझ्या आईचं सूपचं भांडं तो इंग्रज काखेत मारून चाललाय," विसेंता खिडकीतून बघत म्हणाली. "काय बोललास तू त्याला?"

"रीतीचंच बोललो. डेसमंड म्हणाला, भांडं फार सुंदर आहे. मी म्हटलं, तुमचंच आहे."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत. आणि एकही चूक न करता."

पंचाईत तीच होती. एलिसेओचं गावात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. वरच्या टेकडीवर पेन्शनीतले इंग्रज राहायला आले आणि गिऱ्हाईक हातवारे करून माल मागू लागलं, तेव्हापासून तो संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जात असे. यंदाचं तिसरं वर्ष. फळं, भाज्या, नातलग आणि क्रियापदांची तिन्ही रूपं पाठ झाली होती. वर्गाच्या नुरियाबाई सांगत, मनात येईल ते बेधडक इंग्रजीत बोला. एलिसेओच्या मनात जे येई ते अर्थातच स्पॅनिश असे. पाहुण्याने घरातली वस्तू वाखाणली की 'तुमचीच आहे' म्हणायचं, हे इथे लहानपणीच अंगवळणी पडतं. पिढ्यानपिढ्या माणसांनी घड्याळं, गालिचे, प्रसंगी गाढवंसुद्धा अशी देऊन टाकली आणि एकही वस्तू जागची हलली नाही. डेसमंड मात्र आधी गोरामोरा झाला, मग नको म्हणाला आणि मग, माणसाचं मन मोडू नये म्हणून, घेऊन गेला.

"रविवारी ताई जेवायला येतेय," विसेंता म्हणाली आणि खुर्चीत बसली.

एन्कार्नाताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेल्यावर याच भांड्यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं, ते आता कुठे सांधत होतं. टेबलावर भांडं दिसलं नाही, तर ताई आल्या पावली परत जाणार हे नक्की.

"त्यात काय! ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं आणू," एलिसेओ म्हणाला. "आपण जाऊन वाखाणायचं."

दोघं डेसमंडकडे गेले. भांडं खिडकीत होतं आणि त्यात लिंबं भरली होती.

"भांडं फार सुंदर आहे," एलिसेओ म्हणाला आणि थांबला.

"आहे ना?" डेसमंड खुलला. "एका दिलदार मित्रानं दिलंय. बिस्किटं घेणार?"

"नको, नको," दोघं एकदमच म्हणाले. निदान तीनदा आग्रह व्हायला हवा होता. डेसमंडने बशी उचलून कपाटात ठेवली.

"याचे कानसुद्धा किती नाजूक आहेत!" एलिसेओने पुन्हा जोर लावला.

"थँक यू," डेसमंड म्हणाला.

"'परत द्या' हे नाही शिकवलं का रे तुझ्या नुरियाबाईंनी?" विसेंताने स्पॅनिशमध्ये विचारलं.

"शिकवलंय गं. पण तोंडातून निघत नाही."

निघताना मात्र दारात त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "या की एकदा जेवायला."

"रविवारी?" डेसमंड म्हणाला.

विसेंताने नवऱ्याच्या पायावर टाच दिली. त्याचा जो आवाज निघाला, तो डेसमंडने होकार समजला.

रविवारी एन्कार्नाताई आल्या त्या अंगातला कोट न काढताच टेबलाशी बसल्या. भांड्याच्या जागी विसेंताने फुलदाणी ठेवली होती. ताईंनी ती जराशी बाजूला सरकवली आणि मागे काही आहे का ते पाहिलं.

"आईचं भांडं कुठाय?"

तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीचा सदरा घालून, जेवणाच्या चांगला दोन तास आधी, डेसमंड दारात उभा होता. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून त्याने केक, फळं आणि कस्टर्ड यांचे थर लावून आणले होते, त्याच भांड्यात.

एन्कार्नाताईंनी काठावरच्या निळ्या फुलांवरून बोट फिरवलं. "किती सुंदर आहे गं हे," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमचंच आहे, ताई," एलिसेओचं तोंड म्हणालं.

विसेंताने डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या भांडणात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. ताईंचा हात काठावर घट्ट झाला. पण त्याही त्याच आईच्या हाताखाली वाढलेल्या, आणि या वाक्याला उत्तर एकच असतं.

"चांगल्या हातांत आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कोट काढला.

विसेंता कांदा बघायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कांदाच बघत राहिली.

"हे आत्ता काय झालं?" डेसमंडने विचारलं. एलिसेओने तीन वर्षांचं इंग्रजी पणाला लावून सांगितलं. ते पुरेना, तेव्हा पाव, चमचे आणि दोन्ही हात कामाला लावले. डेसमंडचे कान हळूहळू लाल होत गेले.

ताईंनी कस्टर्ड तीनदा घेतलं. संध्याकाळी डेसमंड निघाला, तेव्हा विसेंताने धुतलेलं भांडं त्याच्यापुढे धरलं आणि जिभेला आवर घालायच्या आत म्हणून बसली, "घ्या ना, तुमचंच आहे."

डेसमंडने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकेक शब्द जुळवत स्पॅनिशमध्ये म्हणाला, "चांगल्या हातांत आहे."

दार लागल्यावर विसेंता नवऱ्याकडे वळली. "तो कुठल्या वर्गाला जातो, ते विचारून घे."