खलील सरांचा जुना कम्पायलर

लातूरला खलील सरांच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळत नाही. खुर्च्यांवर जुने कॉम्प्युटर बसलेले असतात. पाहुण्याने सतरंजीवर टेकायचं. "ते आधी आलेत," सर शांतपणे सांगतात.

सर एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. भूकंपानंतर काही वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा सर धरून आम्ही चौघांनी वेळापत्रक लावणारा एक प्रोग्राम केला. फुकट आणि सगळ्यांना खुला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाटेल तसा बदलावा आणि आपल्या मशीनवरच्या कम्पायलरकडून, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामकडून, चालता करून घ्यावा. अडचण एवढीच, की आपला प्रोग्राम सगळ्यात जुन्या कम्पायलरवरही चाललाच पाहिजे, असा सरांचा हट्ट होता; तो कम्पायलर सोडायला ते तयार नव्हते. त्याला नव्या सोयी कळत नसत, म्हणून सोपी गोष्टही आम्हाला आडवळणाने लिहावी लागे.

शेवटी निकाल लावायचाच म्हणून मी नांदेडहून गेलो.

"सर, हा कम्पायलर आता कोण वापरतं?"

"हाय एक जण."

"एका माणसासाठी?"

"मागं कोण राहिलं ते बघून चालावं, साहेब."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बसमध्ये चढतानाही म्हणायचे, आणि बस निघून जायची.

तेवढ्यात फोन वाजला. औशाकडच्या एका शाळेतले गणपतराव मास्तर होते. त्यांच्याकडे प्रोग्राम अडला होता. ते वाचून दाखवत होते आणि सर तीच ओळ मोठ्यानं म्हणत होते. पहिल्याच ओळीत एक कंस राहिला होता. मलाही कळलं, म्हणजे सरांना कळलंच असणार.

सर म्हणाले, "सुरुवातीपासून सांग. गडबड न्हाई." मग मधेच, "जेवलास का?" मग, "खोकला कसा हाय?" बऱ्याच वेळानं त्यांनी कंसाचं सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आपण चौघं मिळून त्यांना नव्या कम्पायलरचं नवं मशीन देऊ."

सर म्हणाले, "भूकंपात त्याच्या घरचं कुणी उरलं न्हाई. तवापासून कुणाशी बोलत न्हाई. प्रोग्राम अडला की तेवढा मला फोन करतो. नवं मशीन दिलं, तर अडंल का?"

मी तिथूनच उरलेल्या दोघांना फोन लावला. सांगितलं, मास्तर वापरतात तोच आपला सगळ्यात जुना कम्पायलर. तो सोडायचा नाही, आणि आडवळणाचं लिहिणं यापुढं माझ्याकडं.