ओळंब्यातली डोलकाठी

मिस्त्रींनी आयुष्यात वाकडी भिंत बांधली नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यामुळे लेकीने शिडाची होडी अंगणात आणून उभी केली तेव्हा त्यांची नजर होडीवर ठरलीच नाही. ती थेट डोलकाठीवर गेली. डोलकाठी मागे कलली होती. कलली होती थोडीच, पण मिस्त्रींच्या डोळ्यात ती कुसळासारखी सलली.

लेक दवाखान्यात परिचारिका होती. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तिन्ही तारा आणि त्यांचे पेच तिने एकटीने आवळले होते. रविवारी तिची पहिलीच शर्यत. बापाची छाती अभिमानाने फुगली होती, आणि म्हणूनच पोरीला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपली नसती. ती कामावर जाताच त्यांनी भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा काढला.

"तिला विचारलंत का?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"त्यात विचारायचं काय? सरळ ते सरळ."

पुढची तार आवळायची तर बाजूच्या दोन सैल कराव्या लागल्या. त्या सैल करताच काठी डावीकडे गेली. मग ध्यानात आलं की होडीची गाडीच तिरपी उभी आहे, कारण अंगणाला उतार आहे. गाडीच्या चाकाखाली विटा गेल्या.

"अंगण तुम्हीच घातलंय ना?"

"तो उतार पाणी जायला मुद्दाम ठेवलाय."

"मग काठीचाही मुद्दाम ठेवला असेल."

"तू पोळ्या बघ," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी लेकीने मापाचा टेप लावून काठीचा कल मोजला. "आई, तारा सरकल्यात गं," म्हणत तिने काठी पुन्हा मागे कलती केली. सकाळी ती कामावर गेल्यावर मिस्त्री बाहेर आले. "अगं, या तारा सरकतायत," बायकोला म्हणत त्यांनी काठी पुन्हा सरळ केली. आठवडाभर हेच चाललं. आईने दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. बापलेकीच्या मध्ये पडून आजवर तिचं कधी भलं झालं नव्हतं.

शुक्रवारी जेवताना लेक म्हणाली, "मी शर्यतीतून नाव काढून घेते. होडी शिकवणारे सर म्हणाले, रोज सरकणाऱ्या तारांवर भरवसा नको. भर पाण्यात काठी डोक्यात यायची."

मिस्त्रींचा हात ताटातच राहिला. "नाव काढायचं नाही. मी बघतो."

शनिवारी त्यांनी काठी ओळंब्यात आणली आणि स्लॅबच्या सळया बांधायच्या तारेने तिन्ही पेच पिळून पिळून जखडले. लेक थकून घरी आली. ते बांधकाम पाहून तिचा जीव भांड्यात पडला. बाबांचा हात लागलाय म्हटल्यावर तिने टेपसुद्धा काढला नाही.

रविवारी पाण्याकाठी मिस्त्री भेटेल त्याला "ही आमची" म्हणून होडी दाखवत होते. मग त्यांनी बाकीच्या होड्या पाहिल्या. सगळ्यांच्या काठ्या मागे कललेल्या. एवढ्या लोकांना एकही बरा गवंडी मिळाला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

तेवढ्यात लेकीचे सर आले. "ही सरळ कुणी केली? काठी मागे कलती नसेल तर होडी वाऱ्याला तोंडच देत नाही."

लेकीने घाईघाईने टेप लावला आणि तिचा चेहरा उतरला. ती पेचाला हात घालायला गेली, तर पेच जखडलेले.

"बाबा?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

"तारा सरकत नव्हत्या," ते म्हणाले. "रोज मीच सरळ करत होतो. पक्कड आण."

पेचांवर पिळलेली स्लॅबची तार त्यांनी कापून काढली. "आता माप सांग."

लेक माप सांगत गेली आणि मिस्त्री पेच फिरवत गेले. जन्मात पहिल्यांदा ते हाताने एखादी गोष्ट वाकडी करत होते, आणि ती मापात वाकडी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. सरांनी टेप पाहिला आणि ते पुढच्या होडीकडे वळले.

लेक शेवटून तिसरी आली. मिस्त्रींना शर्यतभर पाण्यावर ती एकटीच दिसत होती.

"तुमची ती काठी जरा कललेली वाटते," शेजारी उभे असलेले कुणी गृहस्थ म्हणाले.

"कललेलीच हवी," मिस्त्री म्हणाले. "ओळंबा लावून बघा, एकदम बरोबर वाकडी आहे."

"वा. तुम्ही उभी केलीत?"

आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. आज त्यांनी घसा खाकरला.

"माझ्या लेकीने," ते म्हणाले. "मी नुसती पक्कड धरली."