गालाला फळी लावणारे धुरीकाका

लाकडाच्या वखारीत शिरले की धुरीकाका फळी आधी गालाला लावतात. डोळे मिटून. वखारवाला एकदा म्हणाला, "काका, लकडी लेना है के शादी करना है?"

काका शांतपणे म्हणाले, "गालाक गार लागता. आत पाणी आसा."

चारकोपच्या आमच्या सोसायटीत काका तळमजल्यावर एकटे राहतात. आयुष्य सुतारकामात गेलं. गेटजवळ बाकडं करायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. वाळवी आणि पाऊस सोसावा म्हणून कारखान्यात औषध मुरवलेलं पाइन त्यांनी निवडलं. एक डोळा मिटून वाकड्या फळ्या पकडल्या, गाठी असलेल्या बाजूला टाकल्या. कापलेल्या प्रत्येक टोकाला ब्रशने पुन्हा औषध पाजलं. "आतला लाकूड उघडा पडला मा," हे असं, की जणू तान्ह्याचं पांघरूण सरकलंय.

बाकडं झालं, पण रंगाला परवानगी नाही. "औषधाचा पाणी आसा. सुकांदे." आठवड्याने विचारलं, सुकलं का? "सुकांदे." मी जिन्याजिन्यात गालाला वर्तमानपत्र लावून त्यांची नक्कल करत होतो आणि लोक पोट धरून हसत होते. लाज वाटते सांगायला, पण नक्कल उत्तम व्हायची.

उद्‌घाटनाला नगरसेवक येणार होते. काका जत्रेसाठी मालवणला गेलेले. मी रंग मारून घेतला. झकास हिरवा.

महिन्याभरात फोड आले, बसणाऱ्यांच्या पॅन्टींना हिरव्या साली चिकटू लागल्या. मिटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, "काकांना लाकूड कळत नाही हो. ओलं उचललं."

आयुष्यभराची पारख एका वाक्यात गेली. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. इतक्या सुबक अक्षरात मी कधीच लिहिलं नव्हतं.

काका उठले. "माजी चूक. माका घाई झाली."

सकाळी ते बाकाशी उकिडवे बसून, हातमोजे घालून, पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडत होते.

"काका, माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेवन रंग सुकतलो? तुका सगळ्यांका तोंड दाखवचा लागता. माका कोण बघता?"

खाली पडलेला दुसरा पत्रा उचलून मी शेजारी बसलो. काकांनी माझा हात धरून थांबवला, आपला एक हातमोजा काढला आणि पुढे केला.

"हो हातमोजो घाल आधी. औषधाचा लाकूड आसा, बाधात तुका."