कुसुम आधी डोळा बघायची

कुसुमबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता पंच्याहत्तरी ओलांडली. आणखी टाळायला वेळ उरला नाही.

ती माझ्या चुलतभावाची मुलगी, हैदराबादला शास्त्रज्ञ. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात आली, की नमस्काराआधी समोरच्याची पापणी अंगठ्यानं वर करून डोळ्यात टॉर्च मारायची. नवरदेव असो की म्हैस. एका लग्नात तर तिनं मंगलाष्टकं थांबवली. "महाराज, उजव्यात मोतीबिंदू आहे. पोथी डावीकडं धरा!"

तिचं संशोधन आनुवंशिक आंधळेपणावर. पारावर बसून समजवायची, "धानाच्या बांधीत रोप मेलं, की आपण तिथं नवं लावतो ना? तसा डोळ्यात चांगला जनुक पाठवायचा. वाहून नेणारा हमाल म्हणजे विषाणू."

"सर्दीचा किडा डोळ्यात घालतेस काय वं?" माझा धाकटा भाऊ सुखदेव ओरडला.

"त्याचे दात पाडून घालते, काका!"

सुखदेवला दिवस मावळला की दिसत नसे. कुसुमच्या वारलेल्या वडिलांचंही तसंच होतं. भावकीत सगळ्यांना ठाऊक, पण कोणी बोलायचं नाही. म्हणून आमच्याकडं मुलगी पाहायचा कार्यक्रम भर दुपारी, आणि पाहुणे चारच्या बसनं रवाना.

गावात पहिला मोबाईल आला, त्या वर्षी माझ्या लेकीचं, शेवंताचं, लग्न ठरत होतं. व्याही ओसरीवर बसले होते. कुसुम मागच्या दारानं सुई घेऊन आली. हळूच म्हणाली, "सुखदेवकाकांचं रक्त घेऊ द्या. एका भावकीतले दोन आजारी मिळाले, तर बिघाड सापडेल."

"आमच्या घरात असा आजारच नाही!" व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो.

कुसुमनं सुई पिशवीत टाकली. ओसरीवर जाऊन व्याह्यांना सांगितलं, "शेवंताचे डोळे मी तपासले. एकदम फर्स्ट क्लास."

लग्न झालं. काही वर्षांनी सुखदेव गेला. त्यानंतर कुसुम आली, ती पायरी चाचपडत.

"काका, दुसरा आजारी म्हणजे मीच होते."

"तेव्हाच सांगायचं होतंस, पोरी!"

"आणि शेवंताचं मोडायचं? काऊन तोंड पाडून राहिले? प्रयोगशाळेत पोरी आहेत, त्या बघतात, मी डोकं चालवते. चहा सांगा."

संध्याकाळी हात धरून तिला बसपर्यंत नेलं. माफी मागायचं ठरवूनच निघालो होतो.

"पुढं नाली आहे, पाय उचल," एवढंच म्हणालो.