सिद्रामअप्पांची घंटा

सिद्रामअप्पांच्या घरी कुणीही गेलं, की आधी त्यांची पाठ दिसे. मांडी ठोकून, भिंतीला नाक लागेल इतके जवळ ते बसलेले. हाक मारा, दार वाजवा, अप्पा हलायचे नाहीत. अप्पा कामाला होते त्या सोलापूरच्या गिरणीत नवी यंत्रं बसवायला एक जपानी मिस्त्री आला होता, त्यानं त्यांना हे झेन ध्यान शिकवलं. त्याला मराठी येत नव्हती आणि यांना जपानी, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती.

"घंटा वाजली की उठायचं, मास्तर. मधी न्हाय," असं ते मला बजावत. त्यांच्या घरात घंटा मात्र मी कधी पाहिली नाही.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. बायको गौरा वारली, नोकरी संपली, तसा अप्पांच्या ध्यानाला जोर चढला. "पोट भरलं की मन लोळतंय," म्हणून जेवण एका भाकरीवर आलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबू लागला. "खा, नाहीतर आटोपाल," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अप्पा नुसते हसले. मला त्या हसण्याचा भयंकर राग येई.

वैशाखात माझी बायको सुमन पहाटेच्या एसटीनं माहेरी अक्कलकोटला गेली. मी खाणावळीत जेवून त्याच दुपारी आडवा झालो होतो, तोच भिंतीवर काहीतरी धाडकन आदळलं.

अप्पांचं दार आतून बंद. हाका मारून घसा बसला. शेवटी खांद्यानं धडका देऊन कडी उखडली. अप्पा कलंडले होते. ओठ कोरडे, पाय ताठ. गूळपाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"सकाळधरनं बसलोय. घंटाच वाजली न्हाय की."

"कुठाय तुमची घंटा?" मी ओरडलोच.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "वैनी भाकरी थापत्यात न्हवं? त्ये थांबलं की मी उठतो. आमची गौरा बी आसंच थापायची. थापून झालं की हाक मारायची, या जेवायला."

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. त्यांना टेकवून बसवलं आणि घरी आलो. परातीत ज्वारीचं पीठ घेऊन जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. ती चार ठिकाणी फाटली. तशीच तव्यावर टाकली आणि भिंतीला तोंड लावून ओरडलो, "अप्पा, या जेवायला!"

पलीकडून आवाज आला, "पाणी लई झालंय पिठात, मास्तर. हितवर ऐकू येतंय. आलो."