सोनवलकर काकांचा रकाना

परोपकार करायला गेलो की मी हमखास तोंडघशी पडतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन नामदेव गेटवर खोकत बसला होता. पूर्वी तो भोसरीकडे एका फाउंड्रीत होता, एवढं मला माहीत होतं. मी घरात गेलो, बायकोने कराडहून आणलेल्या गुळाच्या ढेपेचा चांगला मुठीएवढा खडा फोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. "धुळीवर गुळासारखं औषध नाही, छाती साफ होते," असंही वर सांगितलं. तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. तेच वाक्य मी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. सात जणांनी अंगठे दिले.

संध्याकाळी आमच्या दाराच्या कडीला लाल टॅग लटकत होता. पुठ्ठ्याचा, सुतळीसकट. "रिजेक्ट. दोष: पुरावा नसलेली माहिती. तपासनीस: सोनवलकर." नामदेवच्या हातातला गूळही त्यांनी काढून घेतला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सोनवलकर काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नाही. येताना लाल टॅगचा गठ्ठा घेऊनच आले असावेत. लिफ्टला टॅग, गणपतीच्या मांडवाच्या डुगडुगत्या खांबाला टॅग. एकदा चेअरमन बोलत असताना त्यांनी माइकला टॅग बांधला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "मान्य?" विचारतात आणि आपण तोंड उघडायच्या आत "मान्य" म्हणून पुढे जातात.

आमच्या हिचा राग वेगळाच. काकू गेल्यापासून एकटे असतात म्हणून हिने त्यांना एकदा जेवायला बोलावलं. काकांनी आमटीचा एक भुरका मारला आणि विचारलं, "गूळ आहे?"

"आहे की."

त्यांनी वाटी हळूच ताटाबाहेर सरकवली. शुगर आहे का विचारलं तर म्हणाले नाही, आणि कोशिंबिरीशी पोळी खात राहिले. हिच्या आमटीला माहेरी-सासरी कुणी नाव ठेवलेलं नाही. "टॅगच बांधायचा होता वाटीला," ही अजून म्हणते. "लाजले कशाला?"

तर तो टॅग घेऊन मी वर भांडायला गेलो आणि तासाभराने एका चळवळीचा चिटणीस होऊन खाली आलो. चळवळीत माणसं दोन. एक ते, दुसरा मी, कारण मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं आणि माझ्याकडे गाडी आहे.

"नामदेवला टीबीच्या गोळ्या दोनदा दिल्या. उतार पडला? नाही. मग का दिल्या? खोकला होता म्हणून. फाउंड्रीतल्या वाळूची शंका का नाही आली? कुणी विचारलं नाही म्हणून. का नाही विचारलं? केस पेपरवर रकानाच नाही म्हणून. नाव आहे, वय आहे, पत्ता आहे. काम काय केलं, किती वर्षं केलं, हे नाही. रकाना नाही म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे सरकारदरबारी आजारच नाही. मान्य?"

ओतकामाच्या साच्यातली बारीक वाळू वर्षानुवर्षं श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसं दगडासारखी करत जाते. सिलिकोसिस म्हणतात त्याला. आत गेलेली वाळू परत निघत नाही. हे काकांनी मला सांगितलं आणि त्या दिवसापासून माझे रविवार गेले. निवेदन, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. एका पत्रात मी "आपला नम्र" लिहिलं तर त्यांनी तेवढं खोडलं. "माल खराब पाठवणाऱ्याला कुणी नम्र लिहितं?"

सरकारी कचेरीतला क्लार्क मात्र खरोखर नम्र होता. "काका, एक रकाना वाढवायचा तर वरून आदेश लागतो."

"वर म्हणजे किती मजले?"

"मुंबई."

काकांनी पिशवीतून लाल टॅग काढला, टेबलावरच्या कोऱ्या केस पेपरच्या गठ्ठ्याला बांधला आणि म्हणाले, "सुधारणा झाली की मी स्वतः येऊन सोडवीन." मी खिडकीबाहेर बघत, या गृहस्थांना ओळखत नसल्यासारखा उभा होतो.

आदेश येईना. मग काकांनी काळेवाडीत एक रबरी शिक्का करवून घेतला: "काम ____ वर्षे ____". एका सोमवारी नामदेवला आणि मला घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले आणि केस पेपरच्या खिडकीपाशी उभं राहून प्रत्येकाच्या कागदावर शिक्का मारून, विचारून रिकाम्या जागा भरायला लागले. आपल्याकडे शिक्का दिसला की रांग लागते. पुढे गेलेली एक बाई तर धापा टाकत परत आली. "साहेब, माझा शिक्का राहिला की."

तासाभराने सिक्युरिटीवाला काकांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. मी शरमेने अर्धा झालो होतो. तेवढ्यात आत नामदेवचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला: काम फाउंड्री, वर्षे अठरा. पेन खाली ठेवलं. "हे आधी कुणीच कसं लिहिलं नाही?" म्हणाल्या, आणि गोळ्यांऐवजी मोठ्या दवाखान्यात छाती तपासायची चिठ्ठी दिली.

बाहेर बाकावर चहा घेताना मी सहज म्हणालो, "काकांचं गुळाशी काय वैर आहे रे?"

नामदेव कपात बघत होता. "आधी ते आमच्याच फाउंड्रीत होते की. तुमाला म्हाईत न्हाई? शिफ्ट सुटली की गेटवर परात घेऊन उभे. कंपनीचा गूळ कमी पडला तर पदरचा आनायचे. एकेकाला थांबवून म्हनायचे, खा बाबा, धूळ धुऊन निघती, घरी लेकरं हायत तुझी." तो दम खायला थांबला. "आमी मास्क कधी मागितलाच न्हाई. गूळ होता की. आमच्या लाइनीला आठ जन होतो. दोघं राहिलो."

इतक्यात काका शर्टाची बाही सारखी करत आले. "बाहेर काढलं. पण एकसष्ट शिक्के झाले. मान्य?"

नेहमीचं पुढचं "मान्य" मात्र आलं नाही. ते नामदेवच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "मान्य, काका."

घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही कणीक मळत होती. ऐकून झाल्यावर तिने गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "रविवारी त्यांना जेवायला सांगा, नामदेवलाही. आमटीत गूळ नाही घालत. चिंच जरा कमी करते, म्हणजे लागेल बरी."